बीज, गाठ आणि घर्षण : मराठी कादंबरीविचारातील कथानक व संघर्ष या कल्पनांचा इतिहास

कादंबरीचे परीक्षण करताना कथानक, संघर्ष, गुंतागुंत, उकल, उत्कर्षबिंदू हे शब्द एका दमात उच्चारण्याची चाल मराठी समीक्षेत आता चांगलीच रुळलेली आहे. ज्या कादंबरीत संघर्ष नाही तिच्यात कथानक नाही, आणि जिच्यात कथानक नाही ती कादंबरीच नव्हे, अशी अनुमानाची साखळीही पुष्कळदा गृहीत धरली जाते. परंतु हे शब्द एका घराण्यातले नाहीत. त्यांचे जन्मस्थान वेगवेगळे आहे, ते मराठीत वेगवेगळ्या काळी आले, आणि प्रत्येकाने आपल्याबरोबर कथेविषयीची एक स्वतंत्र कल्पना आणली. मूळ रूपक विस्मरणात गेले तरी त्याचा अर्थावरील ताबा सुटत नाही, हा शब्दार्थाच्या इतिहासातला नेहमीचा अनुभव आहे. म्हणून या संज्ञांचा इतिहास पाहणे म्हणजे नुसती शब्दांची मोजदाद करणे नव्हे. काही मराठी कादंबऱ्यांना न्याय मिळाला की नाही, हा प्रश्नही त्याच इतिहासात अडकलेला आहे.

१

प्रथम साध्या, घरगुती शब्दांकडे पाहावे. ‘गोष्ट’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’पासून आला. गोष्ठी म्हणजे मंडळी एकत्र जमणे, आणि त्यावरून त्यांचे संभाषण. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी असलेल्या या शब्दाच्या मुळाशी घटना नाही, संघर्ष तर नाहीच. सांगणारा आणि ऐकणारा यांचे एकत्र बसणे आहे. ‘कहाणी’ हा शब्द ‘कथानिका’ या रूपापासून प्राकृताच्या वाटेने आला. ‘कथानक’ हा त्याच कुळातला तत्सम शब्द. संस्कृतात ‘कथानक’ म्हणजे लहानशी कथा. आज मराठीत त्याचा अर्थ लहान कथा असा राहिलेला नसून कथेतील घटनांची रचना असा झाला आहे. एका वस्तूचे नाव तिच्या सांगाड्याला लागू व्हावे, असा हा अर्थबदल आहे. नाटकाच्या संदर्भात ‘संविधानक’ हा शब्द दीर्घकाळ वापरात होता आणि त्याच्या धातूतच मांडणी, व्यवस्था हा अर्थ होता. ‘कथानका’ने पुढे ती जागा घेतली.

संस्कृत नाट्यशास्त्रात या विषयाचा विचार ‘वस्तू’ या संज्ञेखाली झाला. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात मुंजराजाच्या आश्रयाने राहिलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त वस्तू, नेता आणि रस ही रूपकांचे भेद ठरविणारी तीन तत्त्वे सांगितली. वस्तूच्या विवेचनात बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या पाच अर्थप्रकृती येतात. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्था येतात. आणि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण हे पाच संधी येतात. या संज्ञांपैकी बीज, गर्भ आणि फल या तिहींकडे पाहिले म्हणजे मूळ रूपक स्पष्ट होते. कथा पेरली जाते, अंकुरते, आत वाढते आणि फळाला येते. विघ्न या योजनेत नाही असे मुळीच नाही. विमर्शसंधीत शाप, क्रोध, मोह यांमुळे फलप्राप्ती दुरावल्यासारखी होते. दुर्वासाच्या शापाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. पण हे विघ्न बीजाच्या वाढीतील एक अवस्था आहे, कथेचा प्राण नव्हे. ‘मुद्राराक्षसा’त चाणक्य आणि राक्षस यांचे बुद्धियुद्ध अथपासून इतिपर्यंत चालते, तरीही शेवट राक्षसाच्या नाशात न होता त्याने चंद्रगुप्ताचे अमात्यपद स्वीकारण्यात होतो. विरोधकच फळाचा भाग बनतो.

हे रूपक पंडितांच्या ग्रंथांतच राहिले असेही नाही. महाराष्ट्रातील घरोघर व्रतवैकल्यांच्या निमित्ताने सांगितली जाणारी कहाणी ‘सुफळ’ झाल्याचे जाहीर करूनच संपते. सांगणाऱ्या बाईने ‘दशरूपक’ वाचलेले नसते. परंतु कथा संपते म्हणजे ती फळते, ही कल्पना तिच्या बोलण्यात मुरलेली असते.

२

दुसरे रूपक गाठीचे. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्रा’च्या अठराव्या प्रकरणात शोकात्मिकेचे दोन भाग कल्पिले आहेत : एक बांधणे आणि दुसरा सोडविणे. त्याने योजलेल्या दोन्ही ग्रीक शब्दांत दोर बांधण्याची व सैल करण्याची क्रिया आहे. फ्रेंच भाषेत शेवटाला रूढ झालेल्या शब्दाचा अर्थही गाठ सुटणे असाच आहे. मराठीत ‘निरगाठ’ आणि ‘उकल’, ‘गुंतागुंत’, ‘कथेचा धागा’ हे शब्द समीक्षेत आले तेव्हा ते परके वाटले नाहीत, याचे कारण उघड आहे. सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक प्रत्येक घरात ठाऊक असतो. सूत गुंतते आणि ते उकलावे लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. संस्कृतातील ‘ग्रंथ’ शब्दाच्या मुळाशीही गुंफण्याचीच क्रिया आहे. त्यामुळे युरोपातून आलेली कल्पना देशी शब्दांच्या वेषात सहज मिसळून गेली.

मात्र बीज आणि गाठ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बीज आपोआप वाढते. गाठ कोणीतरी मारावी लागते. बीजाच्या कल्पनेत कथेचा शेवट आरंभातच दडलेला असतो, आणि प्रेक्षकाला तो ठाऊक असला तरी बिघडत नाही. गाठीच्या कल्पनेत उकल लांबवावी लागते, आणि वाचकाला ती आधी कळता कामा नये. पहिल्या कल्पनेत आस्वादाचा भर परिपाकावर, तर दुसरीत उत्कंठेवर पडतो. तथापि या दोहोंतही कोणी कोणाशी झुंजलेच पाहिजे, अशी अट नाही. ॲरिस्टॉटलने कलाटणी आणि ओळख पटणे यांना मोठे महत्त्व दिले; पण त्याच्या कथानकाच्या व्याख्येत घटनांची रचना आहे, झुंज नाही.

तिसरे रूपक घर्षणाचे, आणि तेच सर्वांत अर्वाचीन आहे. ‘संघर्ष’ शब्दाचा मूळ अर्थ एकमेकांवर घासणे. त्यावरून स्पर्धा, चढाओढ. ध्वनिशास्त्रात ज्या व्यंजनांना घर्षक म्हणतात त्यांच्या उच्चारात वाट पूर्णपणे बंद होत नाही. ती अरुंद होते आणि हवा घासत बाहेर पडते. समीक्षेतल्या ‘संघर्षा’ला हा मूळचा सौम्य अर्थ उरला नाही. त्याच्या आड युरोपातील एकोणिसाव्या शतकाचा नाट्यविचार उभा आहे. हेगेलच्या सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत, जी त्याच्या मृत्यूनंतर १८३५ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाली, दोन न्याय्य तत्त्वांची टक्कर हा शोकात्मिकेचा गाभा मानला गेला आणि त्यासाठी ‘अँटिगनी’चे उदाहरण पुढे आले. १८६३ साली गुस्ताफ फ्रायटाग याने नाट्यतंत्रावरील आपल्या ग्रंथात प्रस्तावना, चढ, उत्कर्ष, उतार आणि अंत अशी पाच टप्प्यांची आकृती मांडली. आज कथालेखनाच्या वर्गांतून फळ्यावर काढला जाणारा त्रिकोण तो हाच. १८९४ साली फ्रेंच समीक्षक ब्रुन्तिएर याने तर संघर्षाला नियमाचे रूप दिले : मनुष्याची इच्छाशक्ती एका ध्येयाकडे जाणीवपूर्वक वाटचाल करते आणि आड येणाऱ्या शक्तींशी झुंजते, हेच नाट्य होय.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. हे तिन्ही विचारवंत नाटकाविषयी बोलत होते. फ्रायटागपुढे ग्रीक शोकात्मिका आणि शेक्सपिअर यांचे नमुने होते. ब्रुन्तिएरने तर आपला नियम मांडताना कादंबरीला मुद्दाम वेगळे काढले. बोमार्शेचा फिगारो आणि लसाजचा झिल ब्ला यांची तुलना करून त्याने दाखविले की, नाटकातला नायक परिस्थितीवर चाल करून जातो, उलट कादंबरीतल्या नायकावर परिस्थिती चाल करून येते. १९१२ साली स्कॉटिश नाट्यसमीक्षक विल्यम आर्चर याने ब्रुन्तिएरचा नियम नाटकालासुद्धा पुरता लागू पडत नाही, असे म्हणून संघर्षाऐवजी पेचप्रसंगाला महत्त्व दिले. पण त्यानेही नाटकातील पेचप्रसंगाच्या समोर कादंबरीतील क्रमाक्रमाने होणारा विकास ठेवला. म्हणजे ज्यांनी संघर्षाचा नियम घडविला आणि ज्यांनी तो तपासला, त्या दोघांनीही कादंबरीला त्यातून सवलत दिली होती. पुढच्या काळात पाठ्यपुस्तकांनी ती सवलत काढून घेतली. आणि मनुष्य विरुद्ध मनुष्य, मनुष्य विरुद्ध निसर्ग, मनुष्य विरुद्ध समाज, मनुष्य विरुद्ध स्वतः, अशी संघर्षाची यादी सर्व प्रकारच्या कथात्म वाङ्मयाला सारखीच लावण्यात आली.

३

या पार्श्वभूमीवर मराठी कादंबरीचा प्रत्यक्ष इतिहास पाहिला असता काय आढळते? मराठी मुद्रित कथागद्याचा प्रारंभ पेटीत पेटी असणाऱ्या कथांनी झाला. १८१४ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे ‘सिंहासनबत्तिशी’ छापली गेली. पाठोपाठ ‘पंचतंत्र’ आणि ‘हितोपदेश’ आले. १८४१ साली हरि केशवजी यांनी बनियनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूप सिद्ध केले. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या अरबी सुरस गोष्टींचे भाग निघू लागले. या सर्व ग्रंथांचे सूत्र एकच : एक चौकट आणि तिच्यात ओळीने येणाऱ्या गोष्टी. चौकटीत ताण असतो, परंतु वाचक रमतो तो आतल्या गोष्टींच्या संचयात.

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले ते याच परंपरेच्या कडेवर. हिंदू विधवांचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविणारा कायदा त्याआधी एकच वर्ष, १८५६ साली, झाला होता. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात. वाटेत त्यांना विधवांच्या दुःस्थितीच्या एकामागून एक हकिकती दिसतात व ऐकू येतात. पुढे विनायकाच्या मृत्यूने यमुनेवरच ती स्थिती ओढवते आणि अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. गाठ आणि उकल यांच्या कसोटीवर हे पुस्तक अगदी सैल ठरते. हकिकती एकमेकींत गुंतत नाहीत. एक काढून टाकली तरी दुसरीचे अडत नाही. धर्मप्रचाराचा हेतू तर त्यात उघडच आहे. म्हणून त्याला कादंबरी म्हणावे की प्रबंध, असा वाद होत आला. परंतु त्या हकिकती सुट्या असण्यातही एक अर्थ आहे. ज्या दुःखाचे कारण एका माणसाची दुष्टाई नसून सर्वत्र चालणारी रूढी आहे, ते दुःख एका गाठीत बांधता येत नाही. ते ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा आढळते, हेच दाखवावे लागते. पर्यटन ही येथे रचनेतील दुर्बलता नसून विषयाने मागितलेली रचना आहे. आणि ज्या बाईने इतरांची दुःखे पाहुणी म्हणून पाहिली तिलाच शेवटी त्या रांगेत उभे करणे, यात बीजाचे फळाला येणेही आहे.

‘यमुनापर्यटना’ची वाट पुढे तीन दशके जवळजवळ मोडली. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि तिने अद्भुतरम्य कादंबरीचा काळ सुरू केला. दुष्टांची कारस्थाने, प्रेमिकांची ताटातूट, संकटांची मालिका, सुटका आणि पुनर्मीलन, हा या कादंबऱ्यांचा ठरलेला क्रम होय. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगडा’ने शिवकालाची भूमी देऊन या रहस्याला इतिहासाचा आधार दिला. येथे गाठही आहे आणि झुंजही. खलपुरुष निराळा ओळखता येतो, आणि तो पराभूत झाला की कथा संपते. पाठ्यपुस्तकी निकष लावले तर कथानक व संघर्ष या दोन्ही दृष्टींनी ही मंडळी ‘यमुनापर्यटना’च्या कितीतरी पुढे गेलेली दिसतील. पण ज्या समाजात त्या लिहिल्या गेल्या त्या समाजाचे दर्शन त्यांत फारसे नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर त्या काळातल्या एका लेखकानेच देऊन ठेवले आहे. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत आपली अडचण सांगितली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, विवाहाच्या चालीमुळे व इतर काही कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे गुण वा दुर्गुण सापडत नाहीत. रोजच्या अनुभवातल्या गोष्टी लिहिल्या तर त्यांत चटका लावणारे काही राहणार नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताकडेच वळावे लागते.

हे विधान नुसते एका लेखकाचे समर्थन म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्यामागे कथानकाविषयीचा एक पक्का सिद्धान्त आहे. कथेला निवड करणारा मनुष्य हवा. प्रेम करावे की नाही, कोणावर करावे, घर सोडावे की नाही, हे ठरविण्याची ज्याला मोकळीक आहे त्याच्याच आयुष्यात पेच पडू शकतो. ज्यांची लग्ने बालपणीच वडीलधाऱ्यांनी ठरविली, ज्यांचे व्यवसाय जन्माने ठरले, त्यांच्या आयुष्यात गाठ पडायची कोठे? रिसबुडांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. त्यांचे अनुमान मात्र त्यांनी गृहीत धरलेल्या कथानककल्पनेवर अवलंबून होते.

४

या अनुमानाला खरे उत्तर समीक्षेने दिले नाही. ते हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीने दिले. आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ साली प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिच्यावर रेनल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराची छाया होती. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले व त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः वाचकांपुढे आली; १८९३ साली ती पुस्तकरूपाने निघाली. याच सुमारास, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा होऊन मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर नेण्यात आली आणि त्यावरून पुण्यात व देशभर मोठे वादंग माजले. कादंबरी यमूने स्वतः सांगितलेली आत्मकथा आहे. माहेरचे बालपण, आईचा मृत्यू, सासरचे दिवस, पती रघुनाथराव यांच्याबरोबर मुंबईत घालविलेला सुखाचा व शिक्षणाचा काळ, वैधव्य, आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिच्या इच्छेविरुद्ध झालेले केशवपन, अशी तिची वाटचाल आहे.

रिसबुडांनी ज्या विवाहाच्या चालीमुळे कथानक संभवत नाही म्हटले, तीच चाल येथे कथानक झाली आहे. हे कसे घडले? आपट्यांनी निवड करणाऱ्या मनुष्याऐवजी जिच्यासाठी सर्व निवडी इतरांनीच केल्या त्या मुलीला केंद्रस्थानी आणले, आणि सांगण्याचा अधिकारही तिलाच दिला. यमू चाल करून जात नाही. तिच्यावर सारे चालून येते. ब्रुन्तिएरने कादंबरीचे जे लक्षण १८९४ साली सांगितले त्याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या एका साप्ताहिकात त्याआधीच छापून झाले होते.

मराठी वाक्यरचनेचा दाखला येथे अप्रस्तुत ठरणार नाही. ‘मी गेले’ या वाक्यात कर्ता आहे. ‘मला जावे लागले’ या वाक्यात जाणारी व्यक्ती चतुर्थीत गेली आहे आणि तिला जावयास लावणारा वाक्यात कोठेच नाही. भाग पाडणारी शक्ती क्रियापदात विरघळलेली असते. मराठी भाषकाला हे वाक्य अपुरे वाटत नाही. दिवसातून दहा वेळा तो ते उच्चारतो. रूढीचा जुलूम नेमका याच प्रकारचा असतो. तिला करणारा दाखवता येत नाही, आणि तरीही करणे भाग पडते. खलपुरुषाच्या कथानकात प्रत्येक क्रियेला कर्ता लागतो. ‘पण लक्षांत कोण घेतो!’मध्ये शंकरमामंजींच्या रूपाने असा कर्ता आपट्यांनी ठेवला आहे खरा, आणि जुन्या कादंबरीची ती खूण होय. परंतु शंकरमामंजींना कादंबरीतून वगळले तरी यमूचे संकट नाहीसे होणार नाही. त्यांची जागा घरातलेच दुसरे कोणीतरी घेईल. ‘मुक्तामाले’तला खलपुरुष वगळला तर मात्र कादंबरीच उरत नाही. दोन्ही कादंबऱ्यांतील संघर्षाच्या जातीतला भेद या एका कसोटीने स्पष्ट होतो.

साप्ताहिकातून लिहिल्यामुळे आपट्यांच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ शिरला, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. पण पाल्हाळ म्हणून ज्याची संभावना होते त्यातले सगळेच फाजील नाही. सासरमाहेरच्या लहानसहान बोलण्यांतून, टोमण्यांतून, सणावारांतून यमूभोवतीची वाट हळूहळू अरुंद होत जाते. घर्षक व्यंजनाप्रमाणे येथे वाट एकदम बंद होत नाही. केशवपनाचा प्रसंग हा फ्रायटागच्या अर्थाने उत्कर्षबिंदू आहे, असे म्हणता येईल. परंतु त्याचा परिणाम त्या एका प्रसंगाच्या रचनेतून येत नाही, मागे साचलेल्या शेकडो साध्या दिवसांतून येतो. शिवाय कादंबरीचे नावच प्रश्नार्थक आहे, आणि तो प्रश्न कोणत्याही पात्राला नव्हे तर वाचकाला उद्देशून आहे. गाठ पुस्तकात सुटत नाही; सोडविणारा कोणी असेल तर तो पुस्तकाच्या बाहेर बसलेला आहे.

५

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत कादंबरीचा तंत्रविचार आकाराला आला. १९०२ साली वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात या वाङ्मयप्रकाराचा ऐतिहासिक परामर्श घेतला. १९३१ साली ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले, आणि कथानकाची बेतलेली रचना, उत्कंठा, गुंतागुंत व तिची उकल यांना लेखनकौशल्याच्या केंद्रस्थानी स्थान मिळाले. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले आणि नव्या युरोपीय नाटकाची चर्चा जोमाने होऊ लागली. नाटकाच्या चर्चेतला ‘संघर्ष’ कादंबरीच्या परीक्षणात शिरण्यास ही परिस्थिती अनुकूलच होती. तंत्रविचाराने मराठी लेखकाला शिस्त लावली हे नाकारता येणार नाही. अनावश्यक प्रसंग, योगायोगांची खैरात आणि लेखकाची मध्येच होणारी व्याख्याने यांना त्याने आळा घातला. परंतु बीज, गाठ आणि घर्षण यांची सरमिसळही याच काळात पक्की झाली. गाठ नसली की संघर्ष नाही, असे समजले जाऊ लागले.

त्याच काळातल्या काही कादंबऱ्या मात्र या समजुतीत मावत नव्हत्या. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’पासून (१९१५) ‘सुशीलेचा देव’पर्यंत (१९३०) विरोध आहे तो मतामतांचा, त्यात कोणी हरत नाही, विचार बदलतात. पुढे बा. सी. मर्ढेकर यांनी आपल्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. त्यांच्या विवेचनातला विरोध पात्रांतला नाही, कलाकृतीच्या घटकांतला आहे. संघर्षाला झुंजीच्या अर्थातून सोडविण्याची ती एक वाट होती; कथानकाच्या चर्चेत तिचा उपयोग व्हावा तितका झाला नाही.

१९५५ साली व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, वाडीकरांच्या साह्याने तालीम उभी करतो. नंतर दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. मनुष्य विरुद्ध निसर्ग असे लेबल या कादंबरीला लावता येईल, पण ते लावल्याने हाती काही येत नाही. दुष्काळाशी येथे कोणी झुंजत नाही. माणसे मेंढरे घेऊन निघून जातात. कथा वाढते ती मास्तर आणि वाडी यांच्यातल्या हळूहळू रुजणाऱ्या विश्वासातून, आणि दुष्काळ ते उभे पीक जाळतो. बीज आणि फळ यांच्या भाषेत या कादंबरीचे कथानक चोख सांगता येते. गाठीच्या भाषेत ते सांगताच येत नाही. १९६३ सालच्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त खेड्यातून पुण्यात शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर अपयश पदरात घेऊन परत गावी जातो. उकलीची वाट पाहणाऱ्या वाचकाला ही कादंबरी कथानकहीन वाटते. परंतु ध्येयाकडे चाललेली इच्छाशक्ती आणि तिच्या आड येणारी शक्ती यांपैकी येथे पहिलीच जागेवर नाही, आणि तिचे नसणे हाच विषय आहे. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपुढे पांडुरंगाला प्रतिपक्ष सापडत नाही, म्हणूनच तो प्रसंग इतका असह्य होतो.

६

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, कथानक आणि संघर्ष या परस्परावलंबी संज्ञा नाहीत. कथानक म्हणजे एका घटनेतून दुसरी निघणे. ती वाढीने निघेल, गुंत्याने निघेल वा घर्षणाने निघेल. संघर्ष हा त्या तिहींपैकी एक प्रकार आहे. दुसरा निष्कर्ष असा की, मराठी कादंबरीत अडथळ्याचे स्थान बदलत गेले आहे. ते प्रथम खलपुरुषात होते, नंतर घरातल्या रूढीत आले, तेथून मतांत व मनात गेले, आणि अखेरीस प्रतिपक्षच उरला नाही. हा क्रम प्रगतीचा मानण्याचे कारण नाही. कारण ‘यमुनापर्यटना’ने अगदी आरंभीच रूढीला हात घातला होता आणि पुढच्या लेखकांनी तो सोडला. तिसरा निष्कर्ष समीक्षेपुरता आहे. कोणत्या रूपकाच्या भाषेत आपण बोलत आहोत याचे भान समीक्षकाने ठेवले नाही, तर निकष एका वाङ्मयप्रकाराचा आणि निकाल दुसऱ्याचा, अशी स्थिती होते.

रिसबुडांना आपल्या भोवतीच्या घरांत कथानक दिसले नाही. त्या घरांत यमू होती, तिच्यासारख्या अनेकजणी होत्या. त्यांच्या आयुष्यात घडत काहीच नव्हते असे नव्हे. जे घडत होते त्याला कथानक म्हणण्याची सोय उपलब्ध संज्ञांत नव्हती. संज्ञा अपुरी पडली की तिच्याबाहेर राहिलेले जीवनही वाङ्मयाच्या बाहेर राहते. आजचे विद्यार्थी कथेत संघर्ष कोठे आहे, हा प्रश्न हाती घेऊन नव्या लेखनाकडे जातात तेव्हा त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न त्यांच्याजवळ असावेत : येथे काय रुजले आहे, आणि येथे कोणाला काय करावे लागत आहे? पुष्कळ कथा या दुसऱ्या दोन प्रश्नांनाच उत्तर देत असतात.